सहाच्या बॅचला पातळ सोलचे बूट घालून जाताना

पर्वतीच्या १०३ पायऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच रडवलं, आणि तेही चढून आल्यावर चोवीस तासांनी. आमच्या सकाळच्या सहाच्या व्यायामाच्या बॅचचा रविवार होता. एरवी आम्ही कोथरूडमधल्या एका मैदानावर जमतो. रविवारी सर कुठेतरी बाहेर काढतात, कधी तळजाई, कधी हनुमान टेकडी, त्या दिवशी पर्वती. पाच फेऱ्या. माझ्या पायात तीन दिवसांपूर्वी घरी आलेले कोरे करकरीत मिनिमलिस्ट बूट. सोल जेमतेम ५ मिलिमीटर, टाचेला उंची नाही, गुंडाळले तर पर्समध्ये मावतील असे. पहिल्या फेरीला वाटलं, अगं बाई, काय हलकं वाटतंय! दुसऱ्या फेरीला पोटऱ्या कुरकुरायला लागल्या. तिसरीला मी थांबायला हवं होतं. पण पुढे पासष्टीचे काका, मागे कॉलेजातली दोन पोरं आणि वरून सरांची हाक, "चला चला, शेवटच्या दोनच!" थांबते कसली. सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि तसाच वर घेतला. पुढचे चार दिवस मी बिल्डिंगचा जिना कठडा धरून, उलटी, लहान मुलासारखी उतरत होते.

बूट चांगले होते, आजही आहेत. पाय तयार नव्हते, आणि गटात असलं की आपल्याला थांबायची लाज वाटते. या बुटांविषयी जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक एकट्याने पळणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. एकटा माणूस दुखलं की चालायला लागतो, कोणी बघत नाही. बॅचमध्ये सर आकडे मोजत असतात, शेजारची ताई आपल्यापेक्षा दोन उड्या जास्त मारत असते, आणि हे काम तर फार सावकाश करायचं असतं. म्हणून खालचं सगळं गटात व्यायाम करणाऱ्या नवख्यांसाठी.

हे बूट ओळखायचे कसे

या बुटांना बेअरफूट शूजही म्हणतात, पण दुकानात "बेअरफूट शूज दाखवा" म्हटलं तर निम्म्या ठिकाणी मोजे न घालता वापरायचे लोफर पुढे येतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, खुणा बघा.

नेहमीच्या पळायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. या फरकाला ड्रॉप म्हणतात. मिनिमलिस्ट बुटात तो शून्य किंवा शून्याच्या जवळ. सोल पातळ, ३ ते ८ मिलिमीटरच्या आसपास. कमानीखाली उशी नाही. पुढचा भाग बोटं पसरतील इतका रुंद. आणि बूट हातात घेऊन पोळीसारखा गुंडाळता येतो, टॉवेलसारखा पिळता येतो. यातली एखादी खूण जरा कमी असेल, म्हणजे ड्रॉप ४ मिलिमीटर किंवा सोल थोडा जाड, तर तो मधल्या जातीचा बूट. नवख्याने खरं तर तिथूनच सुरू करावं. मी केलं नाही, त्याचं फळ वर सांगितलंच.

यामागचं गणित असं. आपल्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. जाड, कडक बुटात यांना फारसं काम उरत नाही. पातळ सोलमध्ये ते सगळे कामाला लागतात, जमीन कळते, एका पायावर तोल सांभाळताना बोटं पकड घेतात. पण टाचेखालचे ते १० मिलिमीटर काढून घेतले की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर रोजच्यापेक्षा जास्त ताणली जाते. गुडघ्यावरचा थोडा भार घोट्यावर आणि पोटरीवर येतो. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप सुचतील.

"आपल्याकडे हे काही नवं नाही" असं म्हणणारे काका प्रत्येक बॅचमध्ये असतात. आमचे काका पेठेतल्या तालमीत वाढलेले. माझे बूट बघून म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही जोर-बैठका काय बूट घालून मारल्या का? पैसे देऊन अनवाणी व्हायची ही काय तऱ्हा!" त्यांचं बरोबर आहे. सूर्यनमस्कार, मल्लखांब, लेझीम, कुस्ती, सगळं अनवाणी पायांचं. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं तेव्हा टाचेखाली गादी असलेल्या पळायच्या बुटांचा जन्मही झाला नव्हता. पण काका एक विसरतात. त्यांच्या पायाखाली उकरलेली, तेल-ताक घालून मऊ केलेली माती होती, आणि ते तिथे चौथी-पाचवीपासून जात होते. आपण चाळिशीत, वीस-तीस वर्षं टाच उंच ठेवून झाल्यावर, पेव्हर ब्लॉकवर सुरुवात करतोय.

आमचे सर आबेबे बिकिलाचं उदाहरण देतात, १९६० साली रोमला ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकणारा. काका लगेच शिवनाथ सिंगांचं नाव काढतात. तेही अनवाणी पळायचे आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. राष्ट्रीय विक्रम म्हणून ती वेळ कित्येक दशकं टिकली. मी दोघांचंही ऐकते आणि माझ्या पोटऱ्या चोळते.

एक सावधगिरी आत्ताच सांगते. या बुटांनी गुडघे बरे होतात, पाठ सुधारते, कमान परत येते असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हळूच मान हलवा आणि पुढे चला. बोटं सुटी असलेले, बेडकाच्या पायासारखे दिसणारे व्हिब्रम फाइव्हफिंगर्स अमेरिकेत फार गाजले. आरोग्याच्या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि २०१४ साली कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

कोणी हा नाद करू नये

मधुमेह आहे आणि तळपाय बधिर वाटतात, मुंग्या येतात, तर नको. पातळ सोलमधून काच घुसली तरी कळणार नाही आणि जखम चिघळेल. गेल्या वर्षभरात पायाच्या हाडाला तडा गेला असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच ठणकत असेल किंवा टाचेमागच्या शिरेचं जुनं दुखणं असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना नाहीतर फिजिओथेरपिस्टना दाखवा. सपाट पाय असणाऱ्यांना सरसकट मनाई नसते, पण त्यांनीही विचारून. गरोदरपणात नवे प्रयोग नकोत. एवढं सोडून बाकीच्यांनी पुढे वाचा.

आधी स्वतःचे पाय बघा

कागद घ्या, त्यावर उभे राहा, पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारा. मग तुमचा सध्याचा बूट त्या आकृतीवर ठेवा. बहुतेकांची करंगळी आणि अंगठ्याची बाजू बुटाच्या बाहेर डोकावते. माझी करंगळी तर पूर्ण बाहेर होती. इतकी वर्षं ती कुठे राहत होती कोण जाणे.

दुसरी परीक्षा आपल्या घरातलीच: अनवाणी उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या. भाजी निवडायला बसतात तसं. एक मिनिट बसता आलं तर घोटे मोकळे आहेत. टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे कलंडत असाल, तर पोटऱ्या आखडलेल्या आहेत आणि तुमची तयारी बाकीच्यांपेक्षा लांबणार. आमच्या बॅचमध्ये ही परीक्षा साठीच्या काकूंनी सहज पार केली आणि आयटीतली सव्वीस वर्षांची मुलं धपाधप मागे पडली.

तिसरी: भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच उचला-टेकवा. हळू, पूर्ण वरपर्यंत. प्रत्येक पायाला वीस-पंचवीस वेळा जमलं तर पोटरीत दम आहे. दहाला थरथर सुटत असेल तर बूट घ्यायची घाई करू नका, महिनाभर हाच व्यायाम करा. फुकट आहे.

खरेदी

संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. वर्गात जे मोजे घालता तेच घाला. बुटात उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक-सव्वा सेंटिमीटर जागा हवी, आणि आतल्या आत बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. आतलं अस्तर, इनसोल, बाहेर काढून त्यावर पाय ठेवा. बोटं त्याच्या कडेबाहेर जात असतील तर माप चुकलं. "वापरून सैल होईल" हे चामड्याच्या चपलेला लागू पडतं, याला नाही.

मग बूट वाकवून बघा, पिळून बघा. शेवटी आत हात घालून टाचेकडचा आणि पुढचा सोल चिमटीत धरा. जाडी सारखी लागली पाहिजे.

भारतीय बनावटीचे दोन-तीन हजारांपासून मिळतात, बाहेरून येणारे दहा हजारांच्या वर जातात. पहिली जोडी स्वस्तातली घ्या. हे तुम्हाला मानवतंय की नाही ते कळायलाच तीन महिने लागतात. बहुतेक चांगले पर्याय ऑनलाइनच सापडतात, तेव्हा परतीची अट वाचून मागवा आणि पहिले दोन दिवस फक्त घरातल्या फरशीवर घाला, म्हणजे सोल मळणार नाही.

कोणीतरी विचारणारच म्हणून: कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट असतो हे खरं, पण तिला मागून पट्टा नाही, बर्पीच्या, म्हणजे खाली वाकून पाय मागे टाकायचे आणि उठताना उडी मारायची त्या व्यायामाच्या, पहिल्या उडीत ती समोरच्याच्या पाठीत बसेल. शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट मात्र विचार करण्यासारखे आहेत. सोल पातळ, ड्रॉप जवळपास नाही. शुक्रवारी रात्री खडू घासून पांढरे करायचो तेच. फक्त पुढून निमुळते असतात, म्हणून एक माप मोठं घ्यावं लागतं. उत्सुकता भागवायला पुरेसे आहेत.

पहिले तीन आठवडे घरातच

इथे आपल्याला थोडी आयती आघाडी आहे. चपला दाराबाहेर काढण्याची पद्धत असल्याने आपले पाय अगदीच कोंडलेले नसतात. तुम्ही घरात मऊ स्लीपर वापरत असाल तर दिवसातून अर्धा तास त्या काढून ठेवा. स्वयंपाक करताना ओट्याशी अनवाणी उभे राहा. नवे बूट घालून दूध आणायला, खाली कचरा टाकायला जा. दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस.

सोबत तीन व्यायाम. टाच उचलणं वर सांगितलंच. दुसरा, खुर्चीत बसून बोटं न मुडपता तळव्याची कमान वर खेचायची, पाच आकडे धरायची, सोडायची. सुरुवातीला पाय ऐकतच नाही. मेंदू आज्ञा देतो आणि अंगठा भलतंच काहीतरी करतो. आठवडाभराने अचानक जमतं. तिसरा, दात घासताना एका पायावर उभं राहायचं, वरचे दात उजव्यावर, खालचे डाव्यावर. तीन आठवड्यांत पोटऱ्या सकाळी आखडलेल्या वाटत नसतील तर बॅचला न्यायला हरकत नाही.

सरांना आदल्या दिवशी सांगा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. वर्ग सुरू झाल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. तेव्हा स्पीकरवर गाणं लागलेलं असतं आणि सरांच्या गळ्यात शिट्टी असते. मी पर्वतीनंतर दहा दिवसांनी सरांना गाठलं, क्लास सुटल्यावर, चहाच्या टपरीवर.

"सर, मी ते पातळ बूट परत सुरू करतेय. पहिली दहा मिनिटंच घालणार, मग बदलणार."

"बदलणार म्हणजे मध्येच थांबणार? लय तुटते हो सगळ्यांची."

"मी मागच्या ओळीत कडेला उभी राहीन. उड्या आल्या की जागेवर चालेन."

सरांनी कटिंगचा घोट घेतला. "मागची ओळ नको. मागे गेलेला माणूस आठवड्याभरात यायचा बंद होतो. पुढे कडेला या. म्हणजे मला तुमचे पाय दिसतील."

ते बरोबर होतं. पुढच्या ओळीच्या टोकाला उभं राहिलं की सरांना दिसतो आणि बाजूला सटकायला जागाही असते. तुमचे सर असे नसतील, "काही होत नाही हो, करा" म्हणणारे असतील, तर स्वतःचं ठरलेलं ठामपणे पाळा. पाय तुमचे आहेत, जिना तुम्हाला उतरायचाय.

जोडीला बॅचमधल्या एका व्यक्तीला विश्वासात घ्या. माझ्या शेजारच्या ताईला मी सांगून ठेवलं होतं की मी दोरी उचलली तर हाक मार. तिने एकदा भर वर्गात "अगं, दोरी ठेव!" असं ओरडून सांगितलं. लाज वाटली, पण दोरी ठेवली.

पहिला वर्ग

दोन्ही जोड घेऊन जा. जुने बूट कापडी पिशवीत, मैदानाच्या कडेला, पाण्याच्या बाटलीजवळ. पातळ बूट घालूनच घरून निघू नका. कडेला पोचल्यावर घाला, म्हणजे जाण्यायेण्याचं चालणं हिशोबात येणार नाही. नाडी फार आवळू नका.

वॉर्मअपपुरते घाला. मान, खांदे, कंबर फिरवणं, जागेवर चालणं, गुडघे उचलणं, सावकाश लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं). दहा मिनिटं झाली की कडेला या, जुने घाला, परत जा. बदलायला चाळीस सेकंद लागतात, मी मोजलेत. पहिल्या दोन आठवड्यांत एवढंच, आणि तेही आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून.

त्यानंतर ज्या व्यायामात पाय जमिनीवरच राहतात ते पातळ बुटांत घ्या: स्क्वॅट, लंज, प्लँक, डंबेल उचलणं, एका पायावरचा तोल. यांत या बुटांची खरी गंमत कळते. वजन घेऊन खाली बसताना गादीचा डळमळीतपणा नसतो. अंगठा, करंगळी आणि टाच, तीन खुंट्या ठोकल्यासारखं पाऊल बसतं. स्क्वॅटमध्ये टाच उचलली जायला लागली तर तेवढंच कमी खाली जा. जुन्या बुटातली उंच टाच आपली आखडलेली पोटरी झाकत होती, ती आता उघडी पडली एवढंच. प्लँक आणि माउंटन क्लायंबरमध्ये बोटं छान मुडपतात, पण पेव्हर ब्लॉकवर बुटाचं नाक घासतं. माझ्या उजव्या बुटाला अंगठ्यापाशी दोन महिन्यांत भोक पडलं, त्यातून मोज्याचा निळा ठिपका दिसायचा. मॅट वापरा.

उड्या, जंपिंग जॅक, बर्पीतली शेवटची उडी, बॉक्स जंप, दोरी, शटल रन, रिले हे सगळं जुन्या बुटांत. दोरी सगळ्यात शेवटी. शंभर दोऱ्या म्हणजे एकाच ठिकाणी चवड्यावर शंभर आपटणं, आणि ती सोपी वाटते म्हणून जास्त मारली जाते.

पुढचे आठवडे

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पाचव्यापासून अर्धा वर्ग, आणि गवतावर असाल तर छोट्या उड्या, एका वेळी दहा-बारा. पाय खाली येताना आवाज ऐका. धप्प आला की थकलात. मांजरासारखं उतरता येत असेल तोवरच चालू ठेवा. चवडा टेकल्यावर टाचही खाली येऊ द्या. चवड्यावरच तरंगत राहिलात तर पोटरीला विश्रांतीच मिळत नाही. पर्वतीवर मी नेमकं हेच केलं होतं, प्रत्येक पायरीवर टाच हवेत.

दोन महिने झाल्यावर पळणं: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं पाच वेळा. पावलं आखूड आणि भरभर, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, पुढे फेकलेला नको. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं होतं की लहानपणापासून अनवाणी पळणारे बरेचदा टाचेऐवजी चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरतात. ते वाचून लोक मुद्दाम चवड्यावर पळायला जातात आणि पोटऱ्यांचं वाटोळं करून घेतात. पाऊल आखूड केलंत की बाकीचं बरंचसं आपसूक होतं.

घाईचा हिशोब अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासात दिसतो. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पळायची सवय असलेल्या लोकांनी दहा आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर यायचा प्रयत्न केला. त्यांच्यातल्या १९ पैकी १० जणांच्या एमआरआयमध्ये पावलाच्या एखाद्या तरी हाडात आतून सूज वाढलेली आढळली. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना आणि शिरांना महिने लागतात. पोटरी दुखायची थांबली की आपल्याला वाटतं जमलं, आणि नेमक्या त्याच वेळी हाड मागे राहिलेलं असतं. म्हणून पूर्ण वर्ग पातळ बुटांत करायला मी तीन-चार महिन्यांच्या आत कोणालाच सांगणार नाही. आणि बॅचमध्ये "महिन्याचं चॅलेंज" लागलं असेल तर तो महिना जुन्या बुटांतच काढा.

पायाखालची जमीन

पुण्यात सुरुवातीला सगळ्यात चांगली जागा म्हणजे कापलेलं गवत किंवा मातीचं मैदान. सणस मैदानासारखा सिंथेटिक ट्रॅकही चांगला, कारण एकसारखा असतो. सोसायटीची पार्किंगची फरशी आणि बागांमधले पेव्हर ब्लॉक कडक असतात, तिथे उड्या नकोत. तळजाईच्या मुरमाच्या वाटेवर खडा न् खडा लागतो, पहिल्या महिन्यात दहा मिनिटं बास.

वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी फार आवडीच्या, पण पातळ सोलला तिथे तीन शत्रू. बाभळीचा काटा ५ मिलिमीटरच्या रबरातून सरळ आत येतो. पावसाळा सरला की कुसळं जाळीच्या कापडातून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत. आणि रात्रीच्या पार्ट्यांच्या बाटल्यांच्या काचा, ज्यांविषयी लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. टेकडीवर मी आजही जाड बूटच घालते.

जून ते सप्टेंबर दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं. बऱ्याच पातळ बुटांचा तळ गुळगुळीत असतो, तेव्हा पर्वती, सिंहगड नकोच. डिसेंबरात दवाने जाळी पाच मिनिटांत भिजते आणि गार पायांना दुखणं कळत नाही, त्यामुळे थोडं जास्त चालून मग वॉर्मअप करा. मे महिन्यात संध्याकाळच्या बॅचवाल्यांनी डांबर टाळा, तळवे भाजतात.

कुठलं दुखणं चालेल

दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखतायत, दाबल्यावर गोड दुखतं, दोन दिवसांत ओसरतं, तर ठीक. तळव्याच्या आत थकवा वाटतो, तोही ठीक. रात्री पोटरीत गोळे येत असतील तर वेळ निम्मी करा.

एकाच पायाला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, विशेषतः पावलाच्या वरच्या बाजूला लांब हाडांवर, तर बूट बंद. सूज आली, रात्री झोपेतही ठणकलं, लंगडत चालावं लागलं, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. हाडाला तडा असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून उड्या मारायला परत जाऊ नका, दुखणं चालू राहिलं तर तसं डॉक्टरांना पुन्हा जाऊन सांगा. सकाळची पहिली पावलं टाचेत टोचायला लागली किंवा टाचेमागची शीर जाड, कडक वाटली, तरी थांबायचं.

बॅचच्या ग्रुपवर यापैकी काही लिहिलंत तर बारा जण बारा उपाय सांगतील. हळद, बर्फ, गरम पाणी, बाटली फिरवणं, "माझ्या मेव्हण्यालाही असंच झालं होतं." वाचा, धन्यवाद म्हणा, आणि सुट्टी घ्या.

उरलेलं किरकोळ

पातळ बुटांना वास लवकर येतो. इनसोल काढून दोन्ही वेगळे वाळवा. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे, रात्रभर पंख्याखाली. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, डिंक सुटतो. सोल एका बाजूने झिजला की टाका, कारण मुळात झिजायला काही उरलेलंच नसतं.

जुने बूट मात्र कोणाला देऊन टाकू नका. मला आता दीड वर्ष झालं. स्क्वॅट, लंज, गवतावरच्या उड्या पातळ बुटांत होतात. पण पिशवी अजून रोज मैदानाच्या कडेला असते. परवा सरांनी दोरी काढली, मी गुपचूप कडेला गेले आणि नाड्या सोडायला लागले. शेजारी बघते तर काका खाली बसलेले, नवे कोरे रुंद पंज्याचे बूट काढत. "काय बघताय?" म्हणाले, "मुलाने पाठवलेत अमेरिकेहून. दहा मिनिटं झाली माझी."